खुनी माणसाचे मन : गजांआडून एक अभ्यास

खुनाची बातमी समोर आली की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. पान उलटतो, नाहीतर अधाशासारखी वाचून काढतो. तिसरी गोष्ट आपल्या हातून क्वचित होते, आणि ती म्हणजे अभ्यास. ज्याने माणूस मारला तो आदल्या दिवशी कोण होता? त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले होते? शिक्षा लागल्यावर दहा-पंधरा वर्षे गजांआड काढताना त्या मनाचे काय होते? हे शांतपणे, न घाबरता आणि न चेकाळता पाहणे हा या पाठाचा विषय आहे.

हा पाठ तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. काही जण कारागृहात सेवेला जातात किंवा जाऊ इच्छितात. काहींच्या घरातले माणूस आत आहे आणि ते ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत. उरलेल्यांचा तुरुंगाशी कधी संबंध आला नाही, पण राग सगळ्यांनाच येतो. येथे पुरुष कैद्यांचाच विचार केला आहे, कारण भारतातील कारागृहांत स्त्रियांचे प्रमाण शंभरात चारच्या आसपास आहे. स्त्रियांच्या हातून होणाऱ्या हत्यांची कारणे पुष्कळदा वेगळी असतात, त्यासाठी स्वतंत्र पाठ हवा.

एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. समजून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे. माफ करायचे की नाही हा अधिकार ज्यांचे माणूस गेले त्यांचा आहे. तो आपण त्यांच्या वतीने वापरायचा नाही. आध्यात्मिक वाटेवर चालणाऱ्यांकडून ही चूक फार सहज होते.

रागाचा खून आणि बेताचा खून

आपल्या मनात खुनी म्हटले की एक थंड डोळ्यांचा, क्रूर हसणारा माणूस उभा राहतो. चित्रपटांनी तो आपल्याला दिला. आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे दाखल झाले. त्यांपैकी ९,९६२ गुन्ह्यांचे कारण होते वादावादी : जमीन, बांध, पैसा, पाणी, घरातले भांडण. ३,७६१ गुन्ह्यांमागे वैयक्तिक वैर होते. फायद्यासाठी केलेले खून १,८८४. म्हणजे गजांआड बसलेल्या खुन्यांतला मोठा गट व्यवसायाने गुन्हेगार नाही. कालपर्यंत तो कोणाचा तरी भाऊबंद, शेजारी, भागीदार किंवा नवरा होता, आणि मारला गेलेला माणूस बहुधा त्याच्या ओळखीचा होता.

मानसशास्त्र हिंसेचे ढोबळ दोन प्रकार करते. एक प्रतिक्रियेतून उसळणारी : चिथावणी, संताप, हातात येईल ती वस्तू, आणि नंतर सुन्नपणा. दुसरी साधन म्हणून वापरलेली : काहीतरी मिळवायचे आहे, मधे माणूस आहे, म्हणून माणूस काढून टाकायचा. पहिल्यात शरीर पेटलेले असते, दुसऱ्यात ते बऱ्यापैकी थंड असते. प्रत्यक्षात एकाच घटनेत दोन्ही मिसळलेले सापडतात, पण कैद्याशी बोलायचे असेल तर हा फरक ठाऊक हवा. पहिल्या प्रकारचा माणूस वर्षानुवर्षे त्याच एका मिनिटात अडकलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा त्या मिनिटाविषयी बोलायला फारसा अडखळत नाही, आणि तेच अधिक काळजीचे असते.

कायद्यालाही हा फरक कळतो. गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे मनावरचा ताबा सुटून मृत्यू घडवला, तर तो 'खून' न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण त्यासाठी न्यायालय एक साधा प्रश्न विचारते : मधे किती वेळ गेला? मुंबईतले नानावटी प्रकरण या प्रश्नासाठी कायद्याच्या वर्गात आजही शिकवले जाते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांना पत्नीने दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नी आणि मुलांना ठरल्याप्रमाणे सिनेमाला सोडले, जहाजावर गेले, खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, त्या माणसाच्या कार्यालयात गेले, तिथे तो नाही म्हणून त्याच्या घरी गेले. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. ज्यूरीने निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना म्हटले की जवळजवळ तीन तासांत मन ताब्यात यायला पुरेसा वेळ होता. पुढे त्यांना माफी मिळाली, ती कथा निराळी.

या तीन तासांकडे साधकाने नीट पाहावे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले बासष्टावे आणि त्रेसष्टावे श्लोक आपल्यापैकी अनेकांना पाठ आहेत. विषयाचे सतत चिंतन होते तिथपासून बुद्धीचा नाश होईपर्यंतच्या पायऱ्या तिथे क्रमाने सांगितल्या आहेत. आपण त्या म्हणताना क्रोध या पायरीवर थांबतो, जणू सगळा दोष त्याचाच. पण उतरंड क्रोधाच्या आधी सुरू झालेली असते आणि क्रोधानंतरही पायऱ्या उरतात. नानावटींच्या त्या दुपारी किती ठिकाणी थांबता आले असते, मोजा : सिनेमागृहाच्या दारात, जहाजावर, रिकाम्या कार्यालयात. पेटलेला माणूस आंधळा असतो हे अर्धेच खरे आहे. तो गाडी चालवतो, जिने चढतो, खोटे बोलतो. बुद्धी पूर्ण विझलेली नसते, रागाने तिला नोकरीला ठेवलेले असते.

पुणे, १९७६

दुसऱ्या प्रकारासाठी मराठी वाचकाला दूर जायला नको. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ते ओळखले जाते. अंधार पडला की दारे लावून घेणारे पुणे ज्यांनी पाहिले ते आज सत्तरीत आहेत. करणारे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, विशीच्या आसपासचे. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला, महाविद्यालयातला मुलगा. खंडणीसाठी त्याला नेले आणि मारले. पुढच्या घरांत शिरले ते पैसा आणि दागिने यांसाठी. भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृतचे वृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जणांना मारले. हत्यार म्हणजे बहुतेक वेळा नायलॉनची दोरी. सत्र न्यायालयाने १९७८ मध्ये चौघांना फाशीची शिक्षा सुनावली, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

यात राग कुठे आहे? शोधून सापडत नाही. मारलेल्यांपैकी कोणी त्यांचा अपमान केला नव्हता. मग काय होते? तर टोळी होती. चौघे-पाच तरुण एकमेकांकडे पाहत असतात, प्रत्येकाला वाटते की आपण मागे हटलो तर भित्रा ठरू. दारू होती. चोऱ्या आधी झाल्या होत्या. आणि पहिल्या खुनानंतर काही महिने काहीच घडले नाही. पकडले गेले नाहीत. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत भयंकर गोष्ट ही शांतता आहे. मनाला धक्का बसेल, झोप उडेल, कोणीतरी घरी रडत कबुली देईल, असे आपल्याला वाटते. तसे होतेच असे नाही. पहिल्या वेळी मनात जो अडसर असतो तो मोडायला जोर लागतो, दुसऱ्या वेळी अडसर आधीच मोडलेला असतो. जबाबदारी चौघांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी येते की खांदा दुखत नाही.

त्या चौघांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आत्मकथन लिहिले. 'येस, आय अॅम गिल्टी' हे त्याचे नाव. फाशीच्या कोठडीतली कबुली खरी की जगाने आठवण ठेवावी म्हणून केलेली, हा प्रश्न वाचक विचारतात. एका पुस्तकावरून तो सुटणार नाही. पण कोणत्याही कबुलीजबाबाला लावता येईल अशी एक कसोटी आहे : त्यात मेलेली माणसे माणसे म्हणून दिसतात का? 'माझे आयुष्य वाया गेले' हेही दुःखच आहे, पण ते स्वतःपुरते आहे. 'त्या घरातल्या मुलीचे आयुष्य मी संपवले' हे वाक्य वेगळ्या जागेतून येते. कैद्याशी बोलताना कान तिकडे ठेवावा.

अपमान नावाचे बी

जेम्स गिलिगन हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तुरुंगांत अनेक वर्षे काम करत होते. १९९६ मध्ये त्यांनी हिंसेवर पुस्तक लिहिले. सर्वांत हिंसक पुरुषांना त्यांनी कारण विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळाले, त्याने माझा मान राखला नाही. गिलिगन यांचा निष्कर्ष असा, की हिंसेच्या मुळाशी लाज असते, आणि ज्याच्याजवळ स्वतःची किंमत सिद्ध करण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही, त्याला ती लाज मरणाहून असह्य होते.

आपल्याकडे हे समजायला परदेशी पुस्तक कशाला हवे! बांधावरच्या भांडणात फूटभर जमिनीसाठी कुऱ्हाड चालते तेव्हा जमिनीची किंमत दोघांनाही ठाऊक असते. कुऱ्हाड चालते ती 'चारचौघांत बोलला' यासाठी. 'बायकांसारखा रडतोस काय' असे ऐकत मुलगा मोठा होतो. त्याला दुःख, भीती, लाज यांतले काहीच दाखवायची परवानगी नसते. राग तेवढा दाखवता येतो, कारण राग मर्दपणाचा मानला जातो. मग सगळ्या भावना त्याच एका दारातून बाहेर पडतात. त्यात दारू मिसळली की त्या दाराला कडी राहत नाही. आणि ज्याने लहानपणी घरात मार खाल्ला किंवा आईला मार खाताना पाहिले, त्याच्या शरीराने धोका ओळखायचा एक चुकीचा माप शिकून घेतलेला असतो. समोरच्याचा नुसता वर झालेला आवाज त्याला हल्ला वाटतो.

याचा अर्थ मार खाल्लेला प्रत्येक मुलगा खुनी होतो असा मुळीच नाही. बहुसंख्य होत नाहीत. कोणी आजी, कोणी शिक्षक, एखादी तालीम, एखादे काम मधे आलेले असते.

आजारी मन आणि न्यायालय

काही थोडे खून वेड्या भ्रमातून होतात. मुंबईत १९६८ मध्ये पकडलेला रमण राघव हे त्याचे ठळक उदाहरण. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना तो मारत असे. त्याला फाशीची शिक्षा झाली. पण मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासून जुना, बरा न होणारा स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले. अखेर त्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. येथे एक गैरसमज दूर करायला हवा : मनोरुग्ण म्हणजे धोकादायक नव्हे. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसे कोणाला इजा करत नाहीत, उलट त्यांनाच इजा होते.

आजार तुरुंगात वाढतोही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०२१ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांचा मानसिक आरोग्याच्या दृष्टीने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. गुन्ह्याच्या वेळी ते आजारी होते असा याचा अर्थ होत नाही. मरणाची वाट पाहत वर्षे काढणे म्हणजे काय, ते मात्र यातून दिसते.

महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्यांना कस्तुरबा गांधी मार्ग ठाऊक असतो, कारण नवे महाराष्ट्र सदन तिथे आहे. पूर्वी या रस्त्याला कर्झन रोड म्हणत. तिथून इंडिया गेटला वळसा घालून टिळक मार्गावर गेले की सर्वोच्च न्यायालय. सुनावणीसाठी गावाकडून दिल्ली गाठलेले कैद्याचे वडील किंवा भाऊ याच परिसरातून हातात कागदांची पिशवी घेऊन चालत असतात. रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या कस्तुरबा स्वतः बंदिवासात गेल्या : २२ फेब्रुवारी १९४४, पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये. येरवडा कारागृह तिथून जवळच आहे.

त्या न्यायालयाने अलीकडे मनाचा प्रश्न गांभीर्याने घेतला आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हाही फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो, असा निर्णय झाला. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की फाशीचा विचार करताना आरोपीचे मानसिक मूल्यमापन, त्याची पार्श्वभूमी आणि तुरुंगातले वर्तन यांची माहिती खालच्या न्यायालयातच गोळा झाली पाहिजे. आणि मार्च २०२३ मध्ये, १९९४ साली पुण्यात सात जणांचे खून झाले त्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी २८ वर्षांनी सुटला. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने होते हे इतक्या वर्षांनी सिद्ध झाले. एवढ्या काळात त्याच्या मनाची तपासणी तर राहोच, त्याचे वयसुद्धा कोणी नीट पाहिले नव्हते. सात माणसे गेलेल्या त्या घराचे दुःख या निकालाने कमी झाले नाही, हेही तितकेच खरे.

वाल्याचे रांजण

१९५७ मध्ये ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन समाजशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट दाखवली. गुन्हा करणाऱ्याला आपण वाईट करतो आहोत हे पुष्कळदा कळत असते. म्हणून तो आधीच पळवाटा तयार ठेवतो. माझा इलाज नव्हता. फारसे कोणाचे बिघडले नाही. तो त्याच लायकीचा होता. मला दोष देणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे? मी हे माझ्या माणसांसाठी केले. तुरुंगात महिनाभर जा, ही पाचही वाक्ये शब्दशः ऐकायला मिळतील.

शेवटची पळवाट आपल्या परंपरेने कधीच पकडली होती. वाल्या कोळी प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकत असे आणि रांजणांमागून रांजण भरत. नारदाने त्याला उपदेश केला नाही, एक प्रश्न घेऊन घरी पाठवले : ज्यांच्यासाठी हे करतोस ते या पापात वाटेकरी होतील का? घरच्यांनी नाही म्हटले. त्या 'नाही'ने पळवाट बंद झाली. मग नामस्मरण आले. आपण गोष्ट सांगताना नामाचा महिमा सांगतो, पण क्रम विसरतो. निमित्त कोसळल्यावर नाम आले.

हा क्रम उलटा केला तर काय होते, ते सेवेला जाणाऱ्यांनी सावधपणे पाहावे. कैदी ध्यान शिकतो, ग्रंथ वाचतो, मन शांत होते, आणि मग म्हणतो : 'त्याचे आणि माझे मागच्या जन्मीचे देणे होते, ते फिटले.' ऐकणाऱ्याला ही प्रगती वाटते. ती प्रगती नाही. 'माझा इलाज नव्हता' हेच वाक्य भगवे नेसून आले आहे. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या कृतीची जबाबदारी वाढवण्यासाठी आहे, ती मागच्या जन्मावर ढकलण्यासाठी नाही. अशा वेळी वाद घालू नये. शांतपणे विचारावे, 'आणि त्याची मुले आता केवढी असतील?'

बौद्ध परंपरेतला अंगुलिमाल या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. तो भिक्षू झाला, खरोखर बदलला, आणि तरीही भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारत. रक्ताळलेला परत आला तेव्हा बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. त्याला ते सोसायला सांगितले.

आतली वर्षे

तुरुंगातला काळ सारखा नसतो. पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे. रागाच्या भरात खून केलेल्याला तो क्षण स्वप्नात दिसतो, आवाजाने दचकायला होते, आत्महत्येचे विचार येतात. करणाऱ्यालाही आपल्या कृतीचा आघात होतो, हे मानसोपचाराला ठाऊक आहे. मग खटला, वकील, तारखा. आशा टिकते आणि आशेबरोबर नकारही टिकतो, कारण कबूल केले तर खटला जाईल. शेवटचे अपील फेटाळले गेल्यावर खरी शांतता किंवा खरी निराशा सुरू होते. डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० मध्येच लिहून ठेवले आहे की कैदी हळूहळू तुरुंगाचे रीतिरिवाज, तिथली भाषा, तिथली नीती अंगात मुरवून घेतो. बाहेर जगण्याचे कसब गळत जाते. आणि वय वाढते. विशीतला तडकूपणा चाळिशीत राहत नाही, हे सगळ्या देशांत दिसते. दीर्घ शिक्षा भोगून सुटलेले खुनी पुन्हा खून करण्याचे प्रमाण कमी असते, त्याचे एक कारण हे साधे वय आहे.

आतल्या मनावर काम करण्याचे प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्यांसाठी पहिले विपश्यना शिबिर झाले. एप्रिल १९९४ मध्ये, किरण बेदी कारागृह महानिरीक्षक असताना, तिहारमध्ये सत्यनारायण गोएंकांनी हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर घेतले. कैद्यांची चिंता आणि वैरभाव कमी झाल्याचे नोंदले गेले. त्याचे मोल आहे. पण शिबिराला येणारा कैदी मुळातच काहीसा तयार झालेला असतो, आणि दहा दिवसांनंतर त्याला त्याच बराकीत परत जायचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

मला स्वतःला याहून मोठा वाटतो तो आटपाडीजवळचा प्रयोग. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन. फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले इंजिनिअर, गांधीजींच्या सहवासात भारतानंद झालेले. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे ज्यांनी पुढे इंग्रजीत नेली, तेच हे. त्यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसाहत उभी राहिली. माणदेशाच्या कोरड्या माळावर, भिंतीशिवाय, खुनासारख्या गुन्ह्यांचे कैदी बायकामुलांसह राहू लागले आणि शेती करू लागले. वसाहत आजही कारागृह विभागाकडे आहे. त्याच माणदेशाचे ग. दि. माडगूळकर यांनी या कल्पनेवर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखे बारह हाथ' काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले.

चित्रपटात एका भल्या जेलरच्या नजरेचा धाक कैद्यांना सुधारतो. ते गोड आहे, पण मला अपुरे वाटते. वसाहतीत नजरेपेक्षा जास्त काही होते. नांगरलेल्या जमिनीतून दिसणारे पीक होते, म्हणजे किंमत सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग. संध्याकाळी घरी मूल होते. आणि पळून जाता येत होते, म्हणून न पळणे हा रोजचा स्वतःचा निर्णय होता. भिंतीआड चांगले वागणाऱ्याची परीक्षा होत नाही. अर्थात तिथे पाठवायची माणसे निवडलेली असतात, खुल्या कारागृहात आजही चांगले वर्तन पाहूनच घेतात. प्रत्येक कैदी तिथे टिकेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. थंड डोक्याने, दुसऱ्याच्या वेदनेची जराही जाणीव नसलेली काही माणसे असतात. ती थोडी असतात, पण असतात, आणि गोड बोलण्यात ती सर्वांत पुढे असतात. त्यांना उघडे रान देणे ही करुणा नव्हे. पसायदानात ज्ञानदेव दुष्टाचा नाश मागत नाहीत, त्याच्यातला वाकडेपणा जावा असे मागतात. पण वाकडेपणा गेला की नाही हे तपासायचे काम त्यांनी आपल्यावरच ठेवले आहे.

जाणाऱ्यांसाठी काही

पहिल्या भेटीत 'का केले?' विचारू नका. तो प्रश्न त्याने पोलिसांकडून, वकिलाकडून, न्यायाधीशाकडून ऐकला आहे आणि त्याचे पाठ केलेले उत्तर तयार आहे. गावाकडची विचारपूस करा, हातातले काम विचारा. निरोप, चिठ्ठी, पैसे काहीही बाहेर किंवा आत नेऊ नका, कितीही दया आली तरी. सुटकेची आशा लावू नका, तो तुमचा प्रांत नाही. आत्महत्येचा विषय निघाला तर गुप्ततेचे वचन देऊ नका, त्याच दिवशी कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगा. आणि भेटीहून घरी आल्यावर स्वतःच्या मनाकडे पाहा : आपल्याला तो कैदी आवडू लागला असेल, तर मेलेल्या माणसाचे नाव विचारून घ्या आणि लक्षात ठेवा.

ज्यांच्या घरचे माणूस आत आहे त्यांना वेगळे सांगायचे आहे. भेट चुकवू नका. दर भेटीला 'तू निर्दोष आहेस, आम्हाला ठाऊक आहे' असे म्हणत राहिलात आणि तो निर्दोष नसेल, तर त्याची कबुलीची वाट तुम्हीच बंद करता. 'काय झाले ते सांगितलेस तरी आम्ही येत राहू' एवढे म्हणा. मुलांना बाप 'परदेशी आहे' सांगू नका, शाळेतल्या दुसऱ्या मुलाकडून खरे कळते आणि ते फार वाईट कळते.

संचित रजेवर तो पहिल्यांदा गावी येतो तेव्हाची तयारी तर बहुतेक घरे करतच नाहीत. गुलाल, हार, मित्रांची गर्दी, मोटारसायकली. पलीकडच्या आळीत ज्यांचा मुलगा गेला ते घर हे सगळे ऐकत असते. त्याला अंधार पडल्यावर, गाजावाजा न करता घरी आणा. त्या घरावरून जाणारी वाट टाळा. पोलीस पाटलाला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा. दारू घरात ठेवू नका, जुन्या सोबत्यांना चार दिवस येऊ नका म्हणून सांगा. आणि परतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर सगळ्यांना दिसेल अशी खूण करून ठेवा.